चाचणीपुरतं मंजूर

२ जून, नळदुर्ग
मुलींच्या सरकारी वसतिगृहाची साईट फोटोपाशी अडकतेय. फोटो टाकला की चकरी फिरत बसते. नशिबानं एखादीचा अर्ज सुटतो, बाकी तिथंच. ती साईट ज्या फुकट, सगळ्यांना खुल्या प्रोग्रामवर उभी आहे, त्यात आम्ही चार-पाच जण हौसेनं दुरुस्त्या करतो. दोष सापडला. दुरुस्ती पाठवली. आई म्हणते, तुला दुसरा उद्योग न्हाई.

५ जून
चाचणीच्या साईटवर दुरुस्ती बसली. मक्खन चालतेय. खऱ्या साईटवर बसवायला जिल्हा ऑफिसचा होकार पाहिजे. तिथले साहेब फोनवर म्हणाले, फाईल वर गेलीय. वर म्हणजे कुठं, विचारलं न्हाई.
बसूला चाचणीची लिंक धाडली. स्टँडसमोर त्याचं सेवा केंद्र, अख्ख्या गावाचे अर्ज तोच भरतो. तुझ्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतंय का तेवढं बघ म्हणलं. उत्तर आलं, "एक नंबर."

११ जून
शिवाण्णांच्या हॉटेलात चहा. पैसे घेईनात, वर पेढा दिला. त्यांच्या रेणुकाला धाराशिवला नर्सिंगला नंबर लागलाय आणि वसतिगृहही मिळालं. रोजचं येणं-जाणं झेपणार न्हाई आणि खोली करून पोरीला एकटं ठेवायचा त्यांना धीर न्हाई. वसतिगृह न्हाई मिळालं तर घरीच बस, असं तिला सांगून ठेवलेलं. लई खूश होते.
पण साईट तर अजून अडकलेलीच. मग हिचा अर्ज… असंल, सुटला असंल.

१४ जून
चाचणीच्या साईटवर आमची खोटी नावं ठरलेली. अ ब क, टेस्ट टेस्ट. फोटोच्या जागी कुणीतरी म्हैस टाकतो. आज उघडलं तर खरी नावं. तामलवाडी, बेंबळी, नळदुर्ग. दोन वेण्या घालून, पावडर लावून फोटोला बसलेल्या पोरी. रेणुकापण. सगळ्यांपुढं "मंजूर".
ते मंजूर मीच टाकलंय. पावतीचा प्रिंट नीट येतो का बघायला, तिथं येईल तो अर्ज आपोआप मंजूर होतो.
पळत बसूकडं. गड्यानं लिंक तालुक्यातल्या सगळ्या केंद्रवाल्यांना वाटलेली, ही चालते, ती सोडा म्हणून. वर एवढं मोठं "चाचणी" लिहिलंय, वाचलं न्हाईस का विचारलं.
"भाऊ, सरकारी साईटवर काय काय लिवल्यालं असतंय. चालतीय म्हणल्यावर कोण वाचतंय?"
शिवी द्यायची होती. कुणाला ते कळेना. लिंक माझी, मंजूर माझं.
उद्या शेवटची तारीख.

१५ जून
बसू आणि मी दिवसभर खऱ्या साईटवर पोरींचे अर्ज भरत बसलो. एक अर्ज सुटला न्हाई.

१६ जून
ऑफिसात जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. लई सभ्य माणूस, पाणी दिलं. त्या पावत्या आमच्या न्हाईत म्हणाले. यंदा अर्जच कमी आलेत, म्हणून मुदतवाढ मागतोय. कमी का आलेत ते परत सांगितलं, चकरीचं. मान हलवली. म्हणाले, फाईल वर गेलीय.

१७ जून
शिवाण्णांना सांगायला गेलो. नवी पेटी आणलेली, निळी, वर पेंटरकडून रेणुकाचं नाव. कुलूप कसलं घ्यावं, माझ्याशी सल्लामसलत. चहा पिऊन परत आलो. भेकड साला.

१९ जून
सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओट्यावरचं दूध उतू गेलं तरी बघत राहिले. मग म्हणाले, "तुमी शिकल्याली माणसं. करा कायतरी." रेणुका आत भांडी घासत होती. आवाज थांबला होता.

२३ जून
मुदतवाढ मिळाली! उद्या संध्याकाळपर्यंत.
साहेबांना दुरुस्तीचं विचारलं. होकार न्हाई. म्हणाले, अर्ज चालू असताना साईटला हात लावता येत न्हाई. मग कधी लावायचा?

२४ जून
बसूच्या केंद्रात. सगळ्या पोरींना फोन करून बोलावलंय. बाहेर पायरीवर बाप, मामा, आज्या. बसू सगळ्यांना पाणी देतोय, कुणाकडं बघत न्हाई.
पहिली रेणुका. नाव, गाव, मार्क, सगळं घेतलं. फोटोपाशी चकरी. फोटो बारीक केला. कॉम्प्युटर बदलला. माझा लॅपटॉप, बसूचा मोबाईल. कुठं अडतंय ते मला ओळ न् ओळ पाठ आहे. दुरुस्ती तयार आहे, कवाची. आणि मी आपला परत फोटो टाकतोय, परत टाकतोय. रडू येतंय खरं तर.
रेणुकानं हळूच विचारलं, "दादा, ही तरी खरी हाय ना?"
"व्हय."
"मग चालंना का?"
फोटो परत टाकला.
ऊन उतरलंय. शिवाण्णा दारात उभे आहेत, आत येईनात. चकरी फिरतेय. रेणुकाला म्हणलं, बस जरा. ती बसलीय, स्क्रीनकडं बघत, फोटोत बसलीय तशीच ताठ.