पडवीतली घागर

चि. वाल्मिक,

ख्रिस्ती होऊन तुला काय मिळणार होतं? जमीन नाही, नोकरी नाही. उलट गावची विहीर बंद झाली. तरी तू म्हणायचास, "दादा, देव यातूनही भलं करील." मग रोज पहाटे तुझ्या पडवीत भरलेली घागर येऊ लागली. मला पाद्र्याच्या माणसाचा संशय. आज दबा धरून बसलो आणि सावली दिसताच "कोण रं?" म्हणून ओरडलो. सगळी आळी जागी झाली. घागर आईच्या डोक्यावर होती.

तू कर्जतला प्रार्थनेला गेलास आणि इकडे पंचांनी तिलाही वाळीत टाकलं. "बरं झालं, आता वाल्मिकाकडंच राहीन," म्हणत ती हसली.

तिला थंडी सोसत नाही, घोंगडी ठेवली आहे. तुझ्या देवानं भलं केलं खरं, तुला आई दिली; ती माझ्या घरातून गेली.

पोपट