गावदेवीचा दगड घासला

उलवे, जत्रेच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ

दादाने आज गावदेवीचा दगड घासलाच. सोसायटीवाले म्हणे, देवी काळी पडलीय. मी त्याला सांगितलं होतं, तो मळ नाही, जिवंत बुरशी-शेवाळ आहे, दगडात मुरलेलं. खरवडलंस तर दगडाचा पापुद्राच निघेल. "तुझं कॉलेज घरी ठेव," म्हणाला. आधी ॲसिड, मग तारेचा ब्रश. काळं पाणी पार गटारापर्यंत गेलं. मी ब्रश हिसकावून का नाही घेतला?

दगड लख्ख झाला. देवीचे पुसटसे डोळे, नाक, सगळं त्या काळ्या पाण्यात गेलं.

मग आई कुंकू घेऊन आली. तिचं बोट दगडावर फिरत राहिलं. वर, खाली, पुन्हा वर. दादाने पाण्याचा पाइप बंद केला. आईने माझ्याकडे पाहिलं.

"बाय, कपाल कुठं हाय गो हिचा?"