लिव्हरचे आकडे

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. मी बरा आहे, हे आधी वाच आणि मगच पुढे जा.

तीन महिन्यांपूर्वी रक्त तपासलं. लिव्हरचे आकडे वाढलेले, सोनोग्राफीत चरबी, व्हिटॅमिन डी अगदी तळाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दारू?" म्हटलं, "थेंबही नाही." "मग ऊन कधी बघता?" म्हटलं, "क्वचितच." मी काम करतो ती लॉन्ड्री तळघरात आहे ना.

आता दुपारच्या सुट्टीत चालतो, गोड सोडलंय, गोळ्याही घेतो. काल पुन्हा तपासलं, आकडे उतरलेत. चरबी मात्र सावकाश जाईल म्हणाल्या.

तुझे गुडघे कसे आहेत?

बाबांनी त्यांचं लिव्हरचं दुखणं शेवटपर्यंत लपवलं. मी तीन महिनेच लपवलं. पोटभर रागाव, पण दादालाही रक्त तपासायला ने.

तुझा,
धाकटा