पुठ्ठ्याचं इंजिन

प्रिय मोहित,

बाबांनी गाडी चालवणं सोडलं. आधी एवढंच वाच, श्वास सोड आणि मग पुढे जा. दिवाळीत तू ‘तुम्हाला दिसत नाही’ म्हणत त्यांच्या हातातून फियाटची चावी ओढून घेतलीस आणि ते तुला ‘चालता हो’ म्हणाले, तेव्हापासून मी त्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसत होते. डॉक्टर सांगून दमले, की मेंदूचा झटका आल्यापासून यांना डावीकडचं दिसत नाही, आणि दिसत नाही हेही कळत नाही. हे म्हणायचे, डॉक्टरांचंच मशीन बिघडलंय. राजारामपुरीत डावीकडून रिक्षा घुसली की मी किंचाळायचे आणि हे वर मलाच घाबरट ठरवायचे. फोनवर बाबांचं नाव निघालं की तू विषय बदलतोस, म्हणून तुला यातलं काही बोलले नाही.

मधल्या काळात फियाटचं इंजिन अगदीच दमलं. पेट्रोलपेक्षा ऑईल जास्त पितं म्हण ना! इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही बदलायचं बाबांनी मनावर घेतलं. उद्यमनगरातल्या गॅरेजवाल्या तोहिदभाईंनी अपघातात चेपलेल्या एका जीपचं धडधाकट इंजिन शोधलं, आरटीओच्या परवानगीसाठी खेपा सुरू झाल्या. पण जन्मभर पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंग शिकवलेला माणूस तो. लोखंडाला हात लावण्याआधी पुठ्ठा कापायचा, हा त्यांचा धर्म. इंजिनाची मापं घेऊन आले आणि हॉलमध्ये पुठ्ठ्याचं अख्खं इंजिन उभं करायला बसले. शेजारची संयोगिता विचारते, काकू, गणपतीची आरास एवढ्या लवकर? मी आपलं हो म्हणून टाकलं. घरभर खळ आणि कातरण. पण तू गेल्यापासून पहिल्यांदाच ते शीळ घालत होते, त्यामुळे मी निमूट केर काढत राहिले.

ते धूड रिक्षात घालून गॅरेजात नेलं. तोहिदभाईंनी ते खऱ्या इंजिनाशेजारी ठेवलं. उजवी बाजू हुबेहूब, बोल्टच्या भोकांसकट. आणि डावीकडे काही म्हणजे काही नाही रे. तिथल्या नळ्या, स्टार्टर, सगळं गायब, नुसता सपाट पुठ्ठा. तोहिदभाई हळूच म्हणाले, “सर, ह्या बाजूचं राहिलंय न्हवं?” बाबा म्हणाले, “काय राहिलंय? सगळं हाय की!” मग तोहिदभाईंनी त्यांचा हात धरून लोखंडावर ठेवला, नंतर पुठ्ठ्यावर. बाबा कितीतरी वेळ चाचपडत होते, इकडे, परत तिकडे. शेवटी टायरवर बसले आणि मला म्हणाले, “पोरगं खरं बोलत होतं की गं.” खिशातली चावी काढून माझ्या हातात दिली. मी तिथंच ढसाढसा रडले, वाईट वाटून नव्हे, सुटल्यासारखं वाटून. त्या रात्री मी किती महिन्यांनी गाढ झोपले.

सकाळी उठून पाहते तर बेत बदललेला. आता गिअरबॉक्स ऑटोमॅटिक बसवायचा, म्हणजे क्लच नको, गिअर नको, आणि चालवणार कोण, तर मी! या वयात! हसू नकोस, कच्चं लायसन्स काढलंय मी. बाबा बाजूला बसून शिकवणार म्हणतात, ती एक वेगळीच धास्ती.

हे पत्र मात्र त्यांनीच मला लिहायला बसवलंय, आणि दारात उभं राहून झालं का म्हणून विचारतायत. जुनं इंजिन उतरवायचं त्यांनी अडवून धरलंय. मोहितनं येऊन ते एकदा चालवल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, अशी तोहिदभाईंना ताकीद आहे. तुला हे स्वतः सांगायला त्यांची जीभ रेटत नाही. ते तुझ्या शेजारी बसणार आहेत, पन्हाळ्यापर्यंत. मी म्हटलं, डावीकडे बसून तुम्हाला काय दिसणार? तर म्हणाले, “मी डावीकडं बसलो की पोरगं माझ्या उजवीकडं येतंय. त्येवढं दिसतंय मला.”

वाट पाहणारी, तुझीच
आई