जोर कुठल्या बाजूला?

ता. ४ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमची भिंगरी खुशाल आहे, पण नोकरीचं काही खरं नाही. आमच्या चलन-व्यवहाराच्या खोलीत एडीएक्स नावाचा आकडा असतो. चलनाच्या भावाची चाल किती जोरात आहे, तेवढंच तो मोजतो. पंचविसाच्या वर गेला की जोर पक्का. तुमच्या गाडीचा स्पीडोमीटरच समजा. गाडी पुढे चालली की मागे, त्याला काय त्याचं! नव्या पडद्यावर हा आकडा वाढला की हिरवा दिसतो. काल छत्तीसवर गेला, हिरवागार झाला आणि भाव चढतोय असं समजून सगळे युरो घ्यायला धावले. प्रत्यक्षात युरो घसरत होता, जोर होता तो घसरणीचा. मी उभी राहून साहेबांना थांबवलं. ते म्हणाले, थांबतो, पण पुढच्या शुक्रवारपर्यंत युरो चढला तर कायम व्हायची आशा सोड. आता कॉफीच्या यंत्रापाशीही कोणी बोलत नाही. हरले तर तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलमधली खुर्ची आहेच. आईला इतक्यात सांगू नका.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
भिंगरी

ता. ७ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र आईनेच फोडलं, त्यामुळे सांगायचा प्रश्न मिटला. स्पीडोमीटरचं लगेच पटलं. आपली निम्मी शिकाऊ मंडळी काट्याकडे बघत बघतच मागच्या भिंतीवर जातात. त्या खुर्चीत आता आईने कुंड्या ठेवल्यात. हरलीस तरी हेच काम दुसरीकडे शोध. सगळी खोली एका बाजूला आणि तू एकटी उभी, हे वाचून आईचे डोळे भरून आले. माझेही.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

बाबा

ता. १४ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आज शुक्रवार, आणि युरो अजून पडतोच आहे! साहेबांनी भर खोलीत मला कायम केल्याचं सांगितलं. पडद्यावरचा हिरवा रंग काढून टाकलाय, आणि नव्या लोकांना तो आकडा शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. म्हणजे फिरून फिरून भिंगरी शिकवणीवरच!

आईला घट्ट मिठी.

भिंगरी

ता. १८ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी बातमी मी प्रत्येक शिकाऊला गाडीत बसल्या बसल्या सांगतो. एकाने ऐकण्याच्या नादात सिग्नल मोडला, तर मी रागावलोसुद्धा नाही. आई म्हणते, आता पुरे. मला पुरत नाही. पोरी, तुझ्या हट्टाचा जोर आम्ही तू रांगत होतीस तेव्हापासून पाहतोय. तो कुठे निघालाय, ते आज दिसलं.

तुझा अभिमान वाटतो. तो असाच वाढत राहो.

बाबा