आईचे हात आणि वासरांची हगवण

आप्पा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण आज मला तुमच्याशी भांडायचंय. जिंतूरच्या बाजारातून तुम्ही वासरासकट गाय आणली होती, तो हिवाळा. वासरू आलं तेच ढाळत. तुम्ही म्हणालात, प्रवासानं झालं असेल. पुढच्या काही दिवसांत आपल्या गोठ्यातली वासरं एकामागून एक पिवळं, पाण्यासारखं हगायला लागली. आई एकाला मांडीवर घेऊन गूळमिठाचं पाणी पाजतेय, दुसऱ्याचं शेपटीखालचं पुसतेय, आणि तुम्ही दारात उभं राहून ओरडताय, "तुझ्या हाताला यश न्हाई. तू हात लावलास की जनावर मरायलंय. गोठ्यात पाय ठेवू नको आता." गल्ली ऐकत होती. तुम्ही आवाज खाली आणला नाहीत. ती पुन्हा कधी आत गेली नाही, तुमच्यामागेसुद्धा नाही. शेजाऱ्याचं वासरू अंगणात आलं तरी अजून हात पदराखाली घेते.

मी परभणीत प्रयोगशाळेत असते. वासरांच्या शेणाचे नमुने तपासून त्यात कोणता विषाणू आहे, त्याचा कोणता प्रकार आहे, हे शोधणं माझं काम. मध्यंतरी वालूरच्या एका गोठ्यात वासरं मरत होती. मी नमुने घेत असताना म्हातारा मालक सुनेकडे बोट करून म्हणाला, "म्याडम, खामखा कशाला तपासायलात? ही घरात आल्यापासून सुरू झालंय." ती शेणाचं घमेलं घेऊन तिथंच उभी. तेव्हा मी नमुने डब्यात भरले आणि निघाले. तपासणीत रोटाव्हायरस निघाला. म्हाताऱ्यानं नुकतंच विकत आणलेलं वासरू, त्याची मेलेली वासरं आणि ते वासरू जिथून आणलं तो गोठा, तिन्हीकडे विषाणूचा प्रकार एकच. अहवाल पाठवून भागलं असतं. मी स्वतः गेले. सगळ्यांसमोर म्हणाले, "रोग तुम्ही आणलात, दोरीला धरून. हिनं नाही." माझा आवाज इतका चढला की गाडीतून ड्रायव्हर उतरून आला. म्हातारा म्हणाला, "असंल बाई. आमाला काय म्हाईत." झालं. एवढं सोपं होतं ते, आप्पा! 'म्हाईत न्हाई' म्हणायला तुमची जीभ का वळली नाही?

घरी येऊन आईला सांगितलं की आपली वासरंही ह्याच विषाणूनं मेली. ती भाकरी थापत होती. थांबली. "म्हंजी माझ्या हातानं न्हवं?" पुन्हा एकदा तेच विचारलं. मग म्हणाली, "त्यायला कळाय पायजे हुतं गं." अजूनही तिला तुमचंच पडलंय, ह्याचा इतका संताप आला की उठून हे लिहायला बसले.

हे पत्र कुठे टाकायचं, ते मला ठाऊक नाही. आणखी एक. आपल्या वासरांचे नमुने कुणी कधी घेतलेच नव्हते. ती कशानं मेली, हे आज कुणीच सांगू शकत नाही. असल्या निष्कर्षाखाली मी प्रयोगशाळेत सही केली नसती. आईला मात्र खात्रीनं सांगितलंय, आणि तिनं पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगेन.