फील्ड ग्रे म्हणजे उसाचा हिरवा

१५ ऑगस्ट १९७१, रविवार
झेंडावंदन उरकून एस.टी.ने नगरला. कॅम्पात रिटायर्ड कॅप्टन बोरावके टेबलावर लढाया खेळतात. पाऊण इंचाचे प्लास्टिकचे सैनिक, फासे आणि मोजायला टेप. सोबत आमच्या शाळेचा ड्रिल मास्तर गोरक्षनाथ होता. शिट्टीपलीकडे बुद्धी नाही. मी कॅप्टनना सांगितलं, जर्मनीचा इतिहास मला तोंडपाठ आहे. त्यांनी विलायतेहून आलेला डबा माझ्या हातात ठेवला. अठ्ठेचाळीस जर्मन. म्हणाले, बारा सप्टेंबरला तयार करून आणा, जर्मनांचे सेनापती तुम्ही. नाही जमलं तर हे गोरक्षनाथ. नियम एवढाच, की सेनापतीचा बाहुला टेबलावर उभा असतो. तो पडला की त्या खेळाडूनं बाजूला व्हायचं.
गोरक्षनाथ सेनापती! हसू आवरलं नाही.
संकल्प: रोज चार सैनिक. बारा दिवसांत फौज तयार. उरलेले दिवस रणनीती.

१७ ऑगस्ट, मंगळवार
डब्यातलं इंग्रजी पत्रक वाचलं. गणवेश: फील्ड ग्रे. फील्ड म्हणजे शेत. शेत राखाडी कसं असेल? तिकडे दुष्काळी पाथर्डीकडे असेल. आमच्या कोल्हारात प्रवरेच्या काठी बारा महिने ऊस उभा. उघड आहे, 'ग्रीन'चं 'ग्रे' छापलं गेलं. चूक पेन्सिलीनं दुरुस्त करून हेडमास्तरांना दाखवली. ते "वा" म्हणाले आणि हजेरीपट घेऊन निघून गेले. इतिहासाची आस्था नाही.
सैनिक मुळात मळक्या राखाडी प्लास्टिकचे आहेत. कारखानदाराला रंगाची अक्कल असती तर माझी गरज कशाला पडली असती?
रंगवलेले: शून्य. आधी संशोधन.

२३ ऑगस्ट, सोमवार
पोळा झाला. शेजारच्या कारभारीकडून बैलांच्या शिंगांना लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट आणला. थोडी सोनेरी बेगडही दिली त्यानं. वर उपदेश. म्हणे, "गुर्जी, आदी राखंनं घासा. तेलकट शिंगाला रंग धरत न्हाई."
ही शिंगं नव्हेत, जर्मन आहेत, असं सांगितलं.
"आसंनात. तेलकट हायेत न्हवं?"
जन्म गोठ्यात गेला. सोडून दिलं.

३० ऑगस्ट, सोमवार
पाच झाले. त्यातल्या एकाची बंदूक दिसत नाही, रंगाखाली असावी. शाळेत गणपती. मखराचं काम माझ्याच गळ्यात, आणि गोरक्षनाथ नुसता आरतीला टाळ्या वाजवतो. उद्यापासून रोज आठ.

४ सप्टेंबर, शनिवार
अजून पाचच. ब्रशनं रंगवणं ही कारकुनी पद्धत आहे, हे आज ध्यानात आलं.

५ सप्टेंबर, रविवार
सगळे सुतळीला बांधून रंगाच्या डब्यात बुडवले. दहा मिनिटांत अठ्ठेचाळीस! पडवीत तोरणासारखे टांगलेत. पुष्पावतीनं विचारलं, तोंडंपण हिरवी कशी? बायकोला कॅमोफ्लाज समजावण्यात अर्धा तास गेला. शेवटी म्हणाली, "आवो, पन बघनार कशातून? डोळे बुजलेत की त्यांचे."

८ सप्टेंबर, बुधवार
अजून चिकट आहेत. हवा दमट, माझा दोष नाही. सेनापती मात्र खास. त्याच्या खांद्यांवर बेगडीच्या पट्ट्या लावल्या. काडेपेटीत घालून खिशात ठेवतो. स्टाफरूममध्ये सर्वांना दाखवला. गोरक्षनाथनं बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "सर, हा पोपट कुनाच्या बाजूनं लढनार?"
मत्सर.

१० सप्टेंबर, शुक्रवार
गुडघे आणि कोपरं किंचित सोलली. एकाची अख्खी पाठ सालीसारखी निघाली. युद्धात झीज होतेच. उलट खरेपणा येतो. पुष्पावती भडकली. पिठाच्या डब्यात हिरवे पापुद्रे सापडले म्हणे. "आज भाकरीत जर्मन आले, उद्या आमटीत येतील." पडवीतून हलवा, नाहीतर मी बघते, अशी धमकी. धमक्यांना मी भीक घालत नाही.

११ सप्टेंबर, शनिवार
शाळेतून आलो तर तोरण नाही. सुपात सत्तेचाळीस राखाडी सैनिक वाळत घातलेले. गरम राखेच्या पाण्यात भिजवून काथ्यानं घासले म्हणाली. बंदूक एकाचीही वाकली नाही हे ऐटीत सांगते! महिनाभराची तपश्चर्या मोरीतून वाहून गेली. इतिहास न शिकल्याचे परिणाम.
तरी घाबरलेलो नाही. सेनापती खिशात सुरक्षित होता. त्याच्याकडे पाहून बाकीच्यांची कल्पना कॅप्टन करतील.

१२ सप्टेंबर, रविवार
नगर. सुपातले जर्मन डब्यातून काढून टेबलावर मांडले. कॅप्टननी एकेक भिंगाखाली धरला. म्हणाले, शाब्बास मास्तर, मूळ रंग तसाच ठेवलात! हाच फील्ड ग्रे. लोक उगाच हिरवं फासून वाट लावतात.
मी म्हणालो, अभ्यास लागतो.
गोरक्षनाथ खोकला.
मग मी काडेपेटी उघडून माझा सेनापती मधोमध उभा केला. टेबलावर लष्करी घोंगडी अंथरलेली, मातकट. तिच्यावर राखाडी फौज जवळजवळ दिसेनाशी झाली. दिसत होता तो एकच, हिरवागार, खांद्यावर बेगड चमकणारा. कॅप्टननी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "मास्तर, उसातला माणूस माळावर कशाला आणलात?" आणि आपल्या सगळ्या इंग्रजी बंदुका त्याच्यावर रोखल्या. फासे टाकले. पहिल्याच डावात पडला.
नियमाप्रमाणे बाजूला झालो. गोरक्षनाथ सेनापती. मला टेप दिली. चार तास मी अंतरं मोजली. मापं अचूक होती, असं कॅप्टनही म्हणाले.
जर्मन जिंकले. माझ्याच फौजेच्या जोरावर.

१३ सप्टेंबर, सोमवार
प्रार्थनेनंतर हेडमास्तरांनी गोरक्षनाथचं अभिनंदन केलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, रांगेत उभा होतो म्हणून.
संध्याकाळी पुष्पावतीनं हात पुढे केला. "आना तो ऱ्हायलेला. राख भिजवलीया."
दिला.
आतून तोही राखाडीच निघाला. बेगड मात्र माझ्या बोटाला चिकटली आहे, निघत नाही.